हिमालयन ४५० आणि घाटातले कच्चे रस्ते: कुठे थांबायचं ते आधी ठरव

भावा, तुझा प्रश्न नीट वाचला, थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांना पण संदर्भ लागेल. उंची पाच फूट पाच, आधी दीडशे सीसीची साधी गाडी होती, आता सहा महिन्यांपासून रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०. नाशिक-मुंबई हायवेला झकास चालते, पण भंडारदऱ्याला रतनवाडी, साम्रद, घाटघर असा फेरा मारताना एका दिवसात तीनदा आडवी झाली. एकदा चढाच्या डाव्या यू वळणावर समोरून एसटी आली म्हणून थांबायला गेलास तेव्हा, एकदा उतारावर गाडी वळवून घेताना, आणि एकदा खडीवरून उतरताना पुढचा ब्रेक दाबला आणि पुढचं चाक सरकलं. वर मनगटं आणि खांदे भरून येतात. पुढच्या जूनमधे स्पितीला जायचंय आणि डोक्यात तीन पर्याय आहेत: ऑफरोड टायर टाकू, सस्पेन्शन बदलू, की सरळ गाडी विकून हिरोची हलकी एक्सपल्स घेऊ.

तिन्ही नको. निदान आत्ता तरी.

तू स्वतःच लिहिलंयस बघ, तीनपैकी दोन वेळा गाडी जवळपास उभीच होती. उभ्या गाडीला टायर काय करणार आणि सस्पेन्शन काय करणार? मी नाशिकच्या आजूबाजूला बरीच वर्षं नवीन पोरांना घेऊन फिरतोय, त्यात जे पाहिलं ते हेच की कच्च्या रस्त्यावर वेगात पडणारे थोडे, बाकी सगळे पडतात ते पायी चालण्याच्या वेगात. थांबताना, वळवताना, नाहीतर चढावर गाडी बंद पडली की. १९६ किलोची गाडी, पेट्रोल वर टाकीत, सीटची उंची ८२५ मिलिमीटर, म्हणजे तुझे दोन्ही पाय एकदम सपाट टेकणारच नाहीत. चालू आहे तोवर ती स्वतःच स्वतःला सांभाळते, थांबली की सांभाळणारा तू एकटा, आणि जिथे पाय टाकायला गेलास तिथे जमीन चार इंच खाली निघाली की संपलं, तेवढं वजन एका पायावर कोणीच धरत नाही, मीही नाही आणि तालमीतला पैलवान पण नाही. म्हणून वेग, स्लाइड, उडी वगैरे सगळं नंतर. आधी कुठे थांबायचं आणि कसं थांबायचं.

एसटीचंच घे. आपण डावीकडून चालवतो, म्हणून चढताना डावं यू वळण म्हणजे आतलं वळण, सगळ्यात लहान आणि सगळ्यात खडं. ट्रक-बसची मागची चाकं नेमकी तिथेच आतून घासून जातात त्यामुळे आतल्या कोपऱ्यात डांबर उकरलेलं आणि सुटी खडी पडलेली असते. तिथे थांबलास तर डावीकडे पाय टाकायला आधार नाही, मागे उतार, पुढे बसचं तोंड. नियम असा आहे की घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, पण बसला ते वळण एका झटक्यात बसत नाही, तिला पूर्ण रस्ता लागतो, त्यामुळे नियम छातीशी धरून वळणात घुसू नको. घाटाचा एक फायदा आहे, वरचा टप्पा खालून दिसतो. वळणाच्या तीस-चाळीस मीटर आधीच मान वर कर, काही उतरतंय का बघ, हॉर्न दे, आणि कानातली गाणी बंद ठेव, कारण बस दिसण्याआधी ऐकू येते. काही येत असेल तर वळणाच्या अलीकडे, रस्ता सरळ आहे आणि त्यातल्या त्यात सपाट आहे तिथे थांब. साइडपट्टीवर उतरू नको, पावसाळ्यात ती खचलेली असते आणि वरून गवत असल्याने कळत नाही. बस गेली, मग निवांत निघ आणि ते वळण न थांबता पूर्ण कर.

थांबायची पद्धत पण बदलायला लागेल. शेवटच्या दोन-तीन मीटरमधे हँडल सरळ पाहिजे आणि पुढचा ब्रेक सुटलेला पाहिजे, गाडी मागच्या ब्रेकवर थांबायला हवी. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक लागला की गाडी त्या बाजूला बसतेच, यात हलकी-जड काही नाही. उजवा पाय ब्रेकवर, डावा जमिनीवर, आणि दोन्ही पाय टेकवायचा हट्ट सोड, एकच पाय पण पूर्ण टाचेसकट, त्यासाठी कंबर सीटवरून थोडी डावीकडे सरकव. थांबण्याआधी खाली नजर टाकून डावीकडची जमीन उंच आहे ना बघ. एखादा सपाट दगड, फरशीची कड, रस्त्याचा उंचवटा, काहीही चालतं. रस्ता डावीकडे कलला असेल तर एक-दोन मीटर पुढे-मागे होऊन जागा बदल, नाहीतर उजवा पाय टाक आणि गाडी पुढच्या ब्रेकवर धर. गाडी नेहमी खालच्या अंगाला पडते, हे एवढं लक्षात ठेवून पाय वरच्या अंगाला टाकत गेलास तर तुझं निम्मं पडणं बंद होईल. कमी उंचीची सीट मिळते, वीसेक मिलिमीटरचा फरक पडतो, घ्यायची तर घे, त्यात काही कमीपणा नाही, पण तिच्याने ही सवय लागणार नाही.

आता चढावर बंद पडली तर काय, हे जरा सविस्तर सांगतो कारण कोणी शिकवत नाही आणि स्पितीत हे नक्की होणार आहे. चढावर इंजिन बंद पडलं की हात आपोआप क्लच दाबतो आणि गाडी मागे सुटते. मग माणूस पुढचा ब्रेक दाबतो, पण खड्या चढावर गाडीचं वजन मागच्या चाकावर गेलेलं असतं, पुढचं चाक हलकं झालेलं असतं, ते लॉक होऊन तसंच खडीवरून मागे घसरतं. म्हणजे ब्रेक लागलाय आणि गाडी तरीही खाली चाललीय, त्यात घाबरून हँडल वळतं आणि आडवी. उपाय उलटा आहे. बंद पडली तर क्लच सोडूनच ठेव. पहिल्या गिअरमधे बंद इंजिन हाच मागच्या चाकाचा ब्रेक, आणि वजन तिथेच आहे त्यामुळे तो धरतो. पुढचा ब्रेक जोडीला ठेव. मग श्वास घे, घाई नाही, गाडी कुठे जात नाही.

इथून वर निघता येत असेल तर डावा पाय वरच्या बाजूला टेकव, उजव्या पायाने मागचा ब्रेक धर, क्लच दाब, स्टार्ट कर, हाफ क्लचवर गाडी पुढे ओढतेय असं वाटेपर्यंत आण आणि मगच ब्रेक सोड. मागचं चाक जागेवरच फिरायला लागलं तर थ्रॉटल वाढवू नको, ते फक्त खड्डा खणतं. पुढे सरकून बसलेला असशील तर थोडा मागे सरक म्हणजे मागच्या चाकावर वजन येईल.

वर जाणं शक्य नसेल तर इंजिन बंदच ठेव, गाडी पहिल्या गिअरमधे, डावीकडे खाली उतर आणि क्लच जरासा दाबून सोडून वीतभर वीतभर मागे येऊ दे. क्लच दाबला की सरकते, सोडला की थांबते. हँडल डावीकडे वळवलेलं ठेव म्हणजे मागचं चाक डावीकडे जाईल आणि गाडी हळूहळू रस्त्याला आडवी होईल, तेव्हा गाडीची डावी बाजू डोंगराच्या वरच्या अंगाला असेल आणि तू पण तिकडेच उभा असशील. गाडी तुझ्या अंगावर जराशी कललेली ठेव, खालच्या बाजूला कधीच नाही. आडवी झाली की हँडल उजवीकडे करून पुढे सोड, तोंड खाली होईल. बसून खाली जाऊन परत नीट धाव घे. उतारावर गाडी वळवताना पडलास ती पण हीच गोष्ट होती, तू बहुतेक न्यूट्रलमधे, खालच्या बाजूला उभा राहून, फक्त पुढच्या ब्रेकवर वळवत होतास. खालच्या बाजूला उभं राहायचंच नाही, गाडी पडली तर पडू दे, अंगावर नको.

तिसरं पडणं, खडीवर पुढचं चाक सरकलं ते. हे एकच तुझं चालतानाचं पडणं आहे. ४५०मधे मागचा एबीएस बंद करता येतो, पुढचा कायम चालू राहतो. सुट्या खडीवर उतारावर एबीएस चाक लॉक होऊ नये म्हणून ब्रेक सोडत-धरत राहतो, तुला वाटतं ब्रेक लागतच नाहीये, मग तू आणखी दाबतोस, त्यात वळण असलं की चाक सरकतं. उतारावर मुख्य काम इंजिनचं. वळण यायच्या आधी पहिला किंवा दुसरा गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, थ्रॉटल बंद. क्लच दाबून उतरायची सवय असेल तर ती आजच सोड, आपल्याकडे पेट्रोल वाचवायला म्हणून लोक घाटात न्यूट्रल करून उतरतात, त्याच्याइतका वेडेपणा दुसरा नाही. त्यावर मागचा ब्रेक हलका, आणि पुढचा एका नाहीतर दोन बोटांनी, फक्त हँडल सरळ असताना. वळणाच्या आधी जे काही ब्रेक मारायचे ते मारून घे आणि वळणात नुसतं इंजिन. मागचा एबीएस बंद ठेवलास तर मागचं चाक थोडं घसरत येईल, ते घाबरण्यासारखं नसतं, मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं तर क्वचितच. गाडी बंद-चालू केल्यावर एबीएस कुठल्या मोडमधे आहे ते स्क्रीनवर दर वेळी बघून घे. डांबर लागलं की परत चालू कर, कसारा घाटात ट्रकांच्या मधे मागचा एबीएस बंद ठेवून फिरण्यात काही शौर्य नाही.

एक मात्र, लांब उतारावर मागच्या ब्रेकवर सतत पाय ठेवून बसू नको, डिस्क तापते आणि पेडल खाली जायला लागतं. गिअर आणखी खाली घे, ब्रेक मधेमधे मार.

खांदे-मनगटांचं दुखणं हे सरळ सरळ हँडल घट्ट धरल्याचं आहे. उभं राहून चालवायचं म्हणजे हँडलला लटकायचं नाही. पेठ-सुरगाण्याकडे डोक्यावर हंडा घेऊन टेकडी उतरणारी बाई बघ, खाली पाय खडकावर कसेही पडत असतात पण हंडा जागचा हलत नाही. गाडी खाली हलू दे, तू वर स्थिर. पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीवर, पायाचा पुढचा भाग, गुडघे जरा वाकलेले आणि टाकीला हलके टेकलेले, कंबरेत वाकलेला, कोपरं बाहेर, आणि सगळं वजन पायात. परीक्षा सोपी आहे, सपाट मुरमावर उभा राहून चालवताना बोटं सैल सोडून बघ, शरीर पुढे-मागे जात असेल तर तू हँडलवर आधार घेतोयस. हँडल सैल असलं की पुढचं चाक दगडावर आपटून इकडे तिकडे होईल आणि स्वतःच परत सरळ येईल. घट्ट धरलं की प्रत्येक दगड खांद्यात येतो आणि गाडी पण वेडीवाकडी जाते.

पण कायम उभंच राहायचं असंही नाही, इंस्टावरच्या रील बघून पोरं चांगल्या डांबरावर पण उभी राहतात. मोठे दगड, खड्डे, ओहोळ, पुढचं लांबचं बघायचं असेल तेव्हा उभा राहा. घट्ट यू वळण, चिखल, जिथे पाय लागण्याची शक्यता आहे तिथे बस, आणि बसलास तर टाकीला चिकटून पुढे बस. सुट्या मुरमावर वळताना शरीर आत टाकायचं नाही, डांबराच्या उलट. गाडी आत कलू दे, तू सरळ राहा आणि बाहेरच्या पेगवर वजन दे. उजवीकडे वळतोयस तर डाव्या पेगवर.

नजर लांब ठेव हे सगळे सांगतात, का ते सांगत नाहीत. चाकासमोरचा दगड दिसेपर्यंत त्याचं काही करायची वेळ गेलेली असते, त्यामुळे आत्ता दिसतोय तो दगड विसर आणि वीस मीटर पुढे काय आहे ते ठरव. दरीकडे बघितलंस तर गाडी दरीकडेच जाते.

आता सेटिंग, इथे पैसे जवळपास लागत नाहीत आणि तुझी मनगटं निम्मी इथेच बरी होतील. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर बसल्या जागेसाठी लावलेले असतात, उभा राहिल्यावर मनगट वर मोडतं. दोन्ही लिव्हर थोडे खाली फिरवून घे, उभा असताना हात आणि बोटं एका रेषेत आली पाहिजेत. मागच्या ब्रेकचं पेडल उभं राहून नीट दाबता येतं का बघ, नसेल तर उंची बदलून घे. ४५०च्या सस्पेन्शनला पुढे ॲडजस्टमेंट नाही, मागे प्रीलोड आहे, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते, सामान किंवा मागे माणूस असेल तर तो वाढव. प्रीलोड कमी आणि मागे पोतं बांधलेलं असलं की गाडी मागे बसते, पुढचं चाक हलकं होतं आणि वळणात बाहेर पळतं. तू त्या दिवशी टेंट वगैरे बांधून गेला होतास म्हणतोस, पुढचं चाक सरकण्यात त्याचाही वाटा असणार. सामान मऊ बॅगांमधे, जितकं खाली आणि पुढे बांधता येईल तितकं. ते मोठे ॲल्युमिनियमचे डबे दिसायला भारी असतात पण पडताना पाय त्याच्याखाली सापडला तर घोटा जातो. त्यापेक्षा बूट घे, घोट्याच्या वर जाणारे, कडक सोलचे. माझ्या मते क्रॅशगार्ड, एक्स्ट्रा लाइट, टॉपबॉक्स या सगळ्याच्या आधी बूट आणि नीगार्ड. स्पोर्ट्स शूज घालून घाटघरला येणारे बघितले की मला त्यांच्या घोट्यांचीच काळजी वाटते.

टायरचं उत्तर हवेत आहे. कच्चा रस्ता लागला की पुढे २४-२५ आणि मागे २६-२८ पीएसआयपर्यंत उतरव, डांबरावर परत मॅन्युअलमधे दिलीय तेवढी भर. कमी हवेत टायर दगडावर आपटून उडत नाही, त्याला बिलगतो. ट्यूबवाली चाकं असतील तर याच्या खाली जाऊ नको, दगडावर आपटून रिम आणि दगडाच्या मधे ट्यूब चिमटते आणि दोन भोकं पडतात. छोटा पंप आणि प्रेशर गेज कायम सोबत. ट्यूब दोन्ही साइजच्या नेणं उत्तम, पण जागाच नसेल तर २१ इंची ट्यूब घे, ती अडीनडीला मागच्या १७च्या टायरमधे पण दुमडून बसते आणि गावापर्यंत पोचवते, उलटं जमत नाही. मोठ्या गट्टूचे टायर लावलेस तर मुरमावर फरक कळेल, पण ते लवकर झिजतात आणि ओल्या डांबरावर पकड कमी देतात, आणि नाशिकहून कुठेही जा, आधी आणि नंतर डांबरच आहे. आहेत ते झिजू दे, मग बघ. आपल्या काळ्या मातीच्या चिखलात तर कुठलाही टायर दहा मीटरमधे गुळगुळीत गोळा होतो, त्यामुळे जुलैत निफाड-दिंडोरीकडे ट्रॅक्टरने रस्त्यावर आणलेला चिखल दिसला तर टायरवर भरवसा ठेवू नको, सरळ, एकसारख्या थ्रॉटलवर, ब्रेक न लावता पार कर.

एक्सपल्स विकत घेऊ नको, मित्राची माग. साधारण १६० किलोची गाडी, पडली तरी उचलायला हलकी, तिच्यावर शिकलेलं सगळं ४५०वर चालतं. पण स्पितीला चंदीगडपर्यंतचा हायवे आणि सामान घेऊन चढ हे तुझ्याच गाडीवर सुखाचं होईल.

उचलण्यावरून आठवलं. आडवी झाली की आधी इंजिन बंद, पेट्रोल सांडतंय का बघ, आणि फोटो काढणाऱ्याला मदतीला बोलव. एकटा असशील तर पाठ गाडीकडे कर, कंबर सीटच्या कडेला टेकव, ज्या बाजूला पडलीय त्या बाजूला हँडल पूर्ण वळवून त्याचं टोक एका हातात, दुसरा हात मागच्या रॅकला किंवा फ्रेमला, आणि पायांनी छोटी छोटी पावलं मागे टाकत ढकल. वाकून हातांनी उपसायची नाही, पाठ जाते. उजवीकडे पडली असेल तर आधी साइडस्टँड काढून ठेव आणि गिअर टाक, म्हणजे उभी होऊन पलीकडे कोसळत नाही. चाकं वरच्या बाजूला आणि सीट खालच्या बाजूला अशी उतारावर पडली असेल तर आहे तशी उचलायचा प्रयत्न फुकट आहे, आडवीच ओढून फिरव, चाकं खालच्या अंगाला आण, मग उचल. पडल्यावर बऱ्याच गाड्या सेन्सरमुळे स्टार्ट होत नाहीत, चावी बंद करून परत चालू कर.

पाण्याबद्दल थोडं. त्र्यंबक, हरसूल, पेठ पट्ट्यात पावसाळ्यात फरशीवरून, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून, पाणी जातं. लाल पाणी असेल आणि फरशी दिसत नसेल तर थांबायचं, ओळखीचा रस्ता असला तरी, फरशीचा तुकडा वाहून गेलेला असतो आणि वरून कळत नाही. पाणी उथळ आणि स्वच्छ असेल तर आधी चालत जाऊन बघ. पहिला गिअर, थोडा थ्रॉटल, सरळ रेषा, आणि शेवाळावर काहीही करायचं नाही, ना ब्रेक, ना हँडल, ना थ्रॉटल वाढवणं. मधेच बंद पडली आणि एअर फिल्टरपर्यंत पाणी गेलं असं वाटत असेल तर स्टार्टर दाबू नको, सिलिंडरमधे पाणी असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलत बाहेर काढ, फिल्टर बघ, प्लग काढून पाणी बाहेर येऊ दे.

सराव कुठे करायचा तर सुरुवातीला घाटच नको. गावाबाहेर मालकाला विचारून एखादं मुरमाचं मोकळं पटांगण घे, रविवारी सकाळी दोन तास. पहिल्या गिअरमधे, थ्रॉटल न देता, हाफ क्लच आणि मागच्या ब्रेकवर आठचा आकडा, आधी मोठा, मग लहान करत जा. मग ठरवलेल्या रेघेवर थांबणं, एका पायावर, हँडल सरळ. मग मुरमावर मागचं चाक मुद्दाम लॉक करून सरळ थांबणं. मग छोट्या चढावर मुद्दाम गाडी बंद पाडायची आणि वर सांगितलं तसं मागे आणून वळवायची, हे कंटाळा येईपर्यंत कर. हे जमलं की गिरणारे ते हरसूल वाघेरा घाटाने जा, नंतर त्र्यंबकवरून तोरंगण घाटाने मोखाडा, त्यानंतर परत रतनवाडी-साम्रद-घाटघर. साल्हेरकडे जायचं असेल तर सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर करून जा, तिकडे गर्दी कमी आणि रस्त्याचे सगळे नमुने मिळतात. एक विनंती, ब्रह्मगिरी, अंजनेरीच्या पायवाटांवर किंवा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात रस्ता सोडून गाडी घालू नको, तिथे आपलं काही काम नाही. आणि काजव्यांच्या सीझनला, मे अखेर ते जून, भंडारदऱ्याच्या बाजूला शनिवारी रात्री फिरकूच नको, रस्ता कारनी भरलेला असतो, कच्चा की पक्का ते बघायलाही मिळत नाही.

स्पितीचं गणित थोडं वेगळं आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, स्पितीतलं मुख्य गाव काझा त्याच्या दुपटीहून उंच आणि कुंझुम खिंड ४,५५१ मीटर. हवा विरळ झाली की इंजिनची ताकद उतरते, ढोबळमानाने दर हजार मीटरला दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तुझी चाळीस पीएसची (साधारण हॉर्सपॉवरच) गाडी कुंझुमवर पंचविसेक पीएसची होते. आपल्या घाटात दुसऱ्या गिअरमधे निघतं तिथे वर पहिला लागेल, क्लच जास्त वापरला जाईल, तर सामान आत्ताच निम्मं कर. तुझं पण तसंच होणार, दहा पावलं चालून धाप लागेल, आणि धाप लागलेल्या अवस्थेत गाडी उचलणं म्हणजे काय ते तिथे कळतं, म्हणून थांबायची जागा निवडणं तिकडे आणखी महत्त्वाचं. मनाली बाजूने एकदम वर जाण्यापेक्षा शिमला, किन्नौर, नाको असं चढत काझाला जा, शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो, कुंझुम परतीला ठेव. गोळ्याबिळ्या घ्यायच्या तर निघण्याआधी डॉक्टरला विचारून.

कुंझुमनंतर मनालीकडे येताना बातल ते ग्रम्फू हा टप्पा दगडांचा आणि नाल्यांचा आहे. आपल्याकडे नाल्याला पाणी येतं ते वर पाऊस पडला म्हणून, तिकडे बर्फ वितळून येतं, त्यामुळे पहाटे पाणी कमी आणि दुपारनंतर वाढतं. कुंझुमच्या अलीकडच्या लोसर गावाहून उजाडताच निघ, दुपारच्या आत ग्रम्फू गाठ. कुंझुम जूनच्या सुरुवातीला उघडला असेलच असं नाही, तारीख ठरवताना महिन्याची शेवटची बाजू धर. आणि गाडी रेल्वे पार्सलने पाठवणार असशील तर टाकी पूर्ण रिकामी करून द्यावी लागते, उतरवल्यावर पंपापर्यंत ढकलत न्यायला नको म्हणून एखादी बाटली आणि दोस्त सोबत असू दे.